चलचित्राची उकल

मुरबे हे पालघर तालुक्यातील खाडीकाठचे मच्छीमारांचे गाव. पलीकडच्या तीरावर सातपाटी. येथील वृद्धांनी होड्या, जाळी आणि सुके बोंबील यांविषयी सांगितलेल्या आठवणी कॅमेऱ्यावर उतरवून घेतलेल्या होत्या. त्या संगणकावर नीट पाहता याव्यात, म्हणून आम्ही एक लहानसा प्रोग्राम तयार केला. पहिल्याच दिवशी त्यात उणीव दिसली. एक म्हातारबाबा बोलणे संपवून हात जोडतात. आमच्या खिडकीत मात्र हात वर येता येताच चित्र थांबे. चित्रणच अपुरे असावे, असे आम्ही धरून चाललो. दोष आमचा होता. तो ध्यानी येण्यासाठी चलचित्र साठवतात कसे, हे आधी पाहिले पाहिजे.

चलचित्र म्हणजे भराभर एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. अशा एका चित्राला चौकट म्हणू. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असलेल्या चौकटीत एकूण २०,७३,६०० ठिपके भरतात. प्रत्येकास ३ बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात. तासाला सुमारे ५६० गिगाबाइट! हा पसारा कोण सांभाळणार? म्हणून संक्षेप करावा लागतो. २००३ साली मान्य झालेली एच.२६४ ही त्याची सर्वत्र रुळलेली पद्धत.

तिची युक्ती अशी. खाडीच्या काठावर कॅमेरा स्थिर ठेवला, तर आकाश आणि पलीकडचा किनारा जागचे हलत नाहीत. होडी तेवढी सरकते. तेव्हा एक चौकट पूर्ण लिहायची आणि पुढच्या चौकटीत ‘हा तुकडा इतका सरकला’ एवढेच टिपून उरलेला फरक जोडायचा. काही चौकटी तर मागच्या आणि पुढच्या अशा दोहोंच्या आधाराने लिहिलेल्या असतात. त्या उकलायच्या तर पुढची चौकट आधी हाती हवी. म्हणून फाइलमधील क्रम निराळा आणि दाखवण्याचा क्रम निराळा.

ही उकल करणारा घटक म्हणजे डिकोडर. तो स्वतः लिहिणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. फॅब्रिस बेलार यांनी २००० साली आरंभलेल्या एफएफएमपेग प्रकल्पात तो तयार मिळतो. मात्र त्याच्या परवान्याच्या अटी आधी वाचून घ्याव्यात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फाइलमधून माहितीचे एकेक पुडके काढावे, डिकोडरला द्यावे, चौकट मागावी, तिचे रंग पडद्याला साजेसे करावे आणि तिच्यावर नोंदलेल्या वेळी ती दाखवावी. हे काम खिडकी सांभाळणाऱ्या धाग्यावर टाकू नये. नाहीतर बटणे दाबली तरी खिडकी ढिम्म हलत नाही. वापरून झालेल्या चौकटीची स्मृतीही परत करावी.

आमची चूक कोठे झाली? एक पुडके दिले की एक चौकट मिळाली पाहिजे, असा आमचा समज होता. डिकोडरवर असे बंधन नाही. क्रम जुळवण्यासाठी तो काही चौकटी स्वतःजवळ राखून ठेवतो. फाइल संपताच आम्ही त्याला बंद करीत होतो आणि त्याच्या पोटातील शेवटच्या चौकटी तशाच नाहीशा होत होत्या. उपाय सोपा निघाला. शेवटी एक रिकामे पुडके पाठवून ‘आता माल संपला’ असे त्याला कळवायचे आणि तो ‘काही उरले नाही’ म्हणेपर्यंत चौकटी मागत राहायचे. तसे केले आणि म्हातारबाबांचे हात जुळले.

हरवला होता तो जेमतेम अर्धा सेकंद. पण माणसाचा निरोप त्याच अर्ध्या सेकंदात होता. दुसऱ्याने घडवलेले साधन वापरण्यात कमीपणा नाही. मात्र ते काय देते, केव्हा देते आणि शेवटी काय राखून ठेवते, हे विचारून घेण्याची जबाबदारी वापरणाऱ्याचीच असते.