भाऊबंदकीचे उपकार

पणजोबांचे वडील कोण, हा प्रश्न परवापरवापर्यंत निवृत्त मंडळींच्या हौसेचा होता. सप्टेंबर २०२३मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतल्या जुन्या बस्त्यांना एकाएकी भाव आला. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो खापरपणजोबांच्या नावावर सापडला, तर तिथपासून आपल्यापर्यंतची वंशावळ कागदोपत्री जुळवावी लागते. खरी मेहनत त्या जुळवणीत आहे.

इंग्लंडमधल्या खेडुताच्या वंशजाला हे काम पुष्कळ सोपं जातं. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं, की प्रत्येक गावच्या पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहावं. १५९८ पासून त्याची नक्कल दरसाल बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही उंदरांनी खाल्ली तरी नक्कल हाताशी. ही शिस्त साहेबाने इकडेही आणली. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या नकला लंडनला जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यामुळे पुण्याच्या कॅम्पात तापाने दगावलेला गोरा शिपाई लंडनमध्ये बसून सापडू शकतो. त्याच वर्षी कसब्यात वारलेला आपला पूर्वज मात्र पुण्यात राहूनही हाती लागत नाही.

याचं कारण सरळ आहे. चर्चला आत्म्याची काळजी होती, आपल्या दप्तराला साऱ्याची. ज्याच्याकडे हक्क किंवा ज्याच्याकडे बाकी, त्याचं नाव कागदावर. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात तिथे, रुमालांत बांधलेले मोडी कागद कोट्यवधींच्या घरात आहेत. त्यांतून निवडून रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या दशकात ४५ खंड छापले, तरी तो ढिगाऱ्यातला मूठभरच भाग.

या ढिगाऱ्यात कुणाचं घराणं सर्वांत चांगलं सापडतं? माझं उत्तर जरा अवघड वाटेल, पण ते असं, की जे सर्वांत जास्त भांडलं त्याचं. पाटीलकीवरून दोन चुलत घरांत कज्जा जुंपला, की दोघेही आपापला करिना लिहून देत: मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरला कुठे गेला, धाकट्याच्या वाट्याला काय आलं. चार-पाच पिढ्या आयत्या मिळतात. मग गोतसभा बसे, निवाड्याचा महजर होई आणि खाली गावकऱ्यांच्या निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. गुण्यागोविंदाने नांदलेल्या घरांनी मागे असं काहीच ठेवलेलं नाही.

अर्थात कागद मिळाला म्हणजे वाचता आला असं नाही. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही आणि आडनावही बहुधा नसतं. ‘राणोजी बिन संताजी’, म्हणजे संताजीचा मुलगा राणोजी, एवढ्यावर भागवलेलं असतं. तारखेच्या जागी ‘सीत सबैन मया व अलफ’ असे अरबी आकडे भेटतात. सीत सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सुहूर सन ११७६. त्यात ५९९ मिळवा, म्हणजे १७७५ आलं. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मृग या काळातल्या कागदाला ६०० मिळवायचे.

ज्यांना वतन नव्हतं, भांडायला जमीनही नव्हती, त्यांच्यासाठी आपल्याकडे चर्चच्या वहीच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे कोतवाल बुक, सरकारी भाषेत गाव नमुना १४. इंग्रजी अमलात गावोगाव ठेवलेली ही जन्ममृत्यूची नोंद. तारीख, बापाचं नाव, जात, मृत्यू असेल तर रोग. तान्ह्याचं बारसं व्हायच्या आत नोंद होई, म्हणून पुष्कळदा नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. तीन भाऊ एकाच बापाच्या नावावर, त्यातला आपला कोणता ते ओळखायला शाळेचं जनरल रजिस्टर काढायचं, तिथे जन्मतारीख मिळते. ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याची शक्यता धरूनच चालावं. त्याच्या जोडीला फेरफार: बाप वारला की वारसांची नावं त्यात चढतात, आणि कधी कधी बहिणींचीही.

बहिणींपाशी मात्र हा सगळा खटाटोप अडतो. इंग्रज वधूचं माहेरचं आडनाव लग्नाच्या वहीत राहतं. आपल्याकडे लग्नात आडनाव गेलं, बऱ्याच घरांत पाळण्यातलं नावही गेलं, आणि दप्तरात उरली ती ‘सखूबाई कोम राणोजी’, म्हणजे राणोजीची बायको सखूबाई. ती कोणत्या गावची, कुणाची लेक, याचा पत्ता एखाद्या वारसाच्या वादातून लागला तर लागला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या नामावळीत आलेल्या यजमानाच्या सह्या व नातलगांची नावं असतात, तिथे एक फेरी मारावी. पण त्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क आत्याकडे वही-पेन घेऊन बसावं. मूळ गाव, कुलदैवत, देवक, कोण दत्तक गेलं, कुणाशी बोलणं बंद होतं आणि कशावरून, हे सगळं विचारावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर कुठल्या तालुक्याच्या कोर्टाचे कागद मागायचे तेही कळतं.