कानपूरच्या भंगारातलं विमान

मोताळ्यात, बुलढाणा–मलकापूर रस्त्याच्या कडेला, विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. इंजिन खोललं की एकेक भाग तो गोणपाटावर ओळीनं मांडायचा. मी लहानपणी तिथे उकिडवा बसून बघत असे. ‘पोरा, जे आधी निंगालं ते मांगून बसते,’ तो म्हणायचा. पिकाला ऐन गरज असताना इंजिन बंद पडलेला शेतकरी त्याच्या दारातच बसून राहायचा. हँडल मारलं, धूर निघाला, ठोका जमला, की मगच मिस्त्री हात पुसायला फडकं घ्यायचा. नुसता रंग मारून चकचकीत केलेलं इंजिन त्याच्या लेखी दुरुस्त नव्हतंच.

जुन्या युद्धविमानांच्या बाबतीत हाच फरक जिवावरचा असतो. संग्रहालयात ठेवायचं विमान पोकळ असलं तरी चालतं. उडवायचं असेल तर सांगाडा पार उघडा करावा लागतो. ॲल्युमिनियम आतून सडतं आणि पत्र्याच्या थरांमध्ये पांढरी भुकटी धरते. तेवढा भाग कापून नवा बसवतात. तडा डोळ्याला दिसत नाही म्हणून धातूवर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावतात, पुसून काढतात आणि वर पांढरी पूड मारतात. तडा असेल तिथे शिरलेला रंग वर येतो आणि केसाएवढी लाल रेघ उमटते. ती उमटली की महिनाभर घासून-पुसून तयार केलेला भाग बाजूला ठेवायचा. रिव्हेट मारायलाही दोघं लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आत अवघडून बसून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. काही मिश्रधातूंचे रिव्हेट तापवून विझवल्यावर थंडपेटीत ठेवतात, कारण बाहेर राहिले तर ते वापरण्याआधीच कडक होतात.

हे काम आज श्रीमंत देशांतल्या हौशी लोकांचं मानलं जातं. आपल्याकडे मात्र ते गरजेपोटी झालं, आणि तेही प्रचंड आकारात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ब्रिटनला उधार-भाडेपट्टा करारानं लिबरेटर बॉम्बफेकी विमानं दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा मोडून टाकायची, अशी अट होती. कानपूरच्या चकेरी तळावर उरलेली लिबरेटर ब्रिटिशांनी मोडायला घेतली. पत्रे फोडले, यंत्रं ठेचली, इंजिनांत वाळू ओतली. एका लिबरेटरला चार इंजिनं, प्रत्येकात चौदा सिलिंडर, म्हणजे एका विमानात छप्पन. तेलाच्या वाटेनं वाळू गेली की आतलं सगळं खरवडून निघतं. माझ्या मिस्त्रीनं असं इंजिन बघून डोक्याला हात लावला असता.

१९४८ साली काश्मीरचं युद्ध सुरू होतं आणि भारताकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हतं. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ते भंगार तपासलं आणि त्यातून विमानं उभी करायचं ठरवलं. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळुरूत काढलेला. युद्धकाळात तो अमेरिकी हवाई दलाचं दुरुस्तीचं ठाणं होता, त्यामुळे अमेरिकी विमानाचा पत्रा कुठे वाकतो आणि नळ्या कुठून जातात, हे इथल्या कामगारांच्या हाताला ठाऊक होतं. हे धाडस त्या अनुभवाच्या जोरावर झालं, असं मला वाटतं. एकाचं इंजिन, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचा पत्रा असं जुळवत त्यांनी विमानं कानपूरहून बंगळुरूला उडत जाण्याइतपत केली. तिथे पुन्हा पूर्ण खोलून बांधली.

पण कानपूरहून पहिलं उड्डाण करायचं कुणी? वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. त्यांनी त्याआधी लिबरेटर चालवलेलं नव्हतं. हाताशी होती ती माहितीपुस्तिका, असं सांगतात. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. नकाशावर कानपूर ते बंगळुरू सरळ रेघ ओढली तर ती विदर्भावरून, नागपूरच्या आसपासून जाते. खालच्या शेतकऱ्याला तो आवाज ऐकू आला असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मुन्शींचं नाव निदान घेतलं जातं. ठोकळा धरून आत बसलेल्या फिटरांचंही घेतलं जायला हवं होतं.

नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन लिबरेटरसह उभी राहिली. पुढे सहावी स्क्वाड्रन पुण्याच्या लोहगावला आली आणि हीच विमानं समुद्रावर टेहळणीला जाऊ लागली. मोडीत काढलेली ही विमानं १९६८ पर्यंत सेवेत होती.

तोवर जगातली बहुतेक लिबरेटर वितळवून झाली होती. अठरा हजारांहून अधिक बनली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मग परदेशी संग्रहालयं भारताकडे आली. कॅनडानं लायसँडर जातीचं विमान देऊन एक लिबरेटर नेलं. एक १९६९ साली अमेरिकेत ॲरिझोनाला गेलं, एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयाकडे. आणखी एक इंग्लंडमार्गे अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचलं. १९८४ साली त्यांनी ते विकत घेतलं, पाच वर्षं खपून बांधलं आणि १९८९ मध्ये पुन्हा उडवलं. म्हणजे एकदा कानपूर-बंगळुरूत जिवंत झालेलं विमान दुसऱ्यांदा जिवंत झालं.

लढाऊ विमानांचंही तेच. १९७०च्या दशकात भारतातून नेलेल्या स्पिटफायरपैकी काही पुन्हा उडली. भारतीय हवाई दलात सेवा केलेलं एक टेम्पेस्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडातल्या सायवेलला आकाशात गेलं. आपल्या हवाई दलाकडेही आता जुन्या विमानांचं एक पथक आहे. त्यातलं ‘परशुराम’ नावाचं डकोटा वाहतूक विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली आलं. ते आलं याचा मला आनंद आहे. पण १९४८ साली जे काम आपण वाळू भरलेल्या इंजिनांवर केलं, ते करून घ्यायला आता बाहेर जावं लागतं, याची बोच उरते.

दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक लिबरेटर ठेवलेलं आहे, क्रमांक एचई ९२४. कॅनडाहून बदल्यात आलेलं लायसँडरही त्याच संग्रहालयात आहे.