चौकातील वाहन-अपघात व पोलिसांचे कागद

ऊस-गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कऱ्हाड व वाळवा तालुक्यांतील रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. पुणे-बंगळूर महामार्गास गावरस्ते जेथे मिळतात तेथे, तसेच पेठ नाक्यासारख्या मोठ्या चौकात, भरधाव मोटार व संथ चालणारी ट्रॉली यांची गाठ पडते. ट्रॉलीच्या मागे तांबडे परावर्तक नसतील तर रात्री ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. हे बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक आहे. अपघातानंतर कोणते कागद मिळवावयाचे, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते, आणि त्यापायी हक्काची रक्कम हातची जाते.

जखमीस प्रथम दवाखान्यात हलवावे. त्यासाठी १०८, व पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. वाहने घाईने बाजूस ओढू नयेत. वाहतूक अडत असल्यास छायाचित्रे घेऊन मगच हलवावीत. चाकांचे वण व फुटलेली काच कोठे पडली होती, यावरच स्थळ-पंचनाम्याची मदार असते.

पुष्कळदा चौकातच चार माणसे जमतात व चार पैसे देऊन घेऊन प्रकरण मिटवितात. ही तडजोड बहुधा अंगाशी येते. पायाची दुखापत किरकोळ वाटते, पुढे पाय काढावा लागतो. आणि त्या वेळी अपघात झाल्याचा एकही कागद हाती नसतो.

म्हणून फिर्याद त्वरित द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीच्या कारणावरून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीस अथवा पीडितास विनामूल्य मिळावयास पाहिजे. ठाणे अंमलदाराने खबर नोंदविण्यास नकार दिल्यास ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठविता येते.

या कागदांचा शेती खात्याशी निकटचा संबंध आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार, अथवा त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्ती, अपघातात मृत झाल्यास २ लाख रुपये मिळतात. दोन अवयव गेल्यास तितकेच, व एक गेल्यास १ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो. दुःखाच्या घरात तेरावा होईपर्यंत कोणी कागदास हात लावीत नाही, आणि निम्मी मुदत तेथेच सरते. अशा वेळी ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने स्वतः होऊन पोलीस ठाण्यात जावे व खबरी अहवाल, पंचनामा व शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मिळविण्यास वारसांस साहाय्य करावे.

दुसऱ्या वाहनाच्या विम्यातून भरपाई हवी असल्यास दावा निराळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करावयाचा असून कायद्याने त्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. वाहन पळून गेले व सापडले नाही, तरी निराश होऊ नये. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपयांची तरतूद आहे. त्याची चौकशी तहसील कचेरीत करावी.

प्रत हाती पडताच ती ठाण्यातच वाचून पाहावी. वाहनाचा क्रमांक, दिनांक, वेळ व विशेषतः नाव नीट तपासावे. सातबाऱ्यावर ‘बापू’, आधारपत्रावर ‘बापूराव’ व खबरी अहवालात निराळेच घरगुती नाव, अशी तीन नावे एका माणसाची झाली की प्रस्ताव परत येतो.