वापरणाऱ्याला विचारा, मगच यंत्राला शहाणे म्हणा

वडसा (देसाईगंज) : समुद्र येथून शेकडो मैल दूर आहे. आमच्या गावाला ओळखीचे पाणी म्हणजे वैनगंगेचे. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे स्टेशन, भोवताली धानाची शेती, राईस मिल, तेंदूपत्ता आणि बांबूचा व्यवहार. अशा गावच्या दुकानदाराने नौदलाच्या संगणकावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण आम्हाला पडलेला प्रश्न आणि नौदलाला पडलेला प्रश्न एकच निघाला, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे लोखंड-पत्र्याचे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही हिशेबासाठी संगणकाची प्रणाली घेतली. पैसे रोख मोजले. आमचे मुनीमचाचा वडिलांच्या काळापासून गल्ल्यावर बसतात. त्यांना दोन दिवस शिकवले आणि कामाला लावले. चाचा संगणकावर बिल करू लागले, पण लाल वही काही सोडेनात. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचे. आम्ही रागावलो. म्हातारा माणूस नवे शिकत नाही, असे आम्ही घरी बोलून गेलो. पुढे एका शेतकऱ्याला बाकीची चिठ्ठी गेली. त्याने तर सगळे पैसे चुकते केले होते. तो भर बाजारात येऊन आम्हाला बोलला. दोष कोणाचा? आम्ही तो चाचांच्या माथी मारला आणि त्यांना घरी बसवण्याचा विचार पक्का केला.

तो विचार का बदलला, ते शेवटी सांगू. आधी नौदलाकडे वळू.

बदलीचा बाजार

नौदलात माणूस एका जागी राहत नाही. काही वर्षे जहाजावर, काही वर्षे किनाऱ्यावर, पुन्हा जहाजावर. आपल्या भारतीय नौदलातील नौसैनिकांच्या नोंदी आणि बदल्यांचे काम मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्प येथील 'ब्युरो ऑफ सेलर्स'कडून चालते. अमेरिकेच्या नौदलात तीन लाखांहून अधिक माणसे कायम सेवेत आहेत. त्यांच्या नेमणुकांचे मुख्य कार्यालय टेनेसी राज्यातील मिलिंग्टन या गावी आहे. गंमत अशी की मिलिंग्टनलाही समुद्र नाही. तेही आमच्यासारखे आतल्या मुलखातले गाव.

पूर्वी तेथील नौसैनिक नेमणुकीच्या अधिकाऱ्याला पत्र लिहायचा किंवा फोन करायचा. ज्याची ओळख, ज्याचा फोन लागला, त्याचे काम व्हायचे. १९९० च्या दशकात रिकाम्या जागा संगणकावर दिसू लागल्या. मग एकामागून एक प्रणाली आल्या आणि २०१९ मध्ये 'मायनेव्ही असाइनमेंट' ही नवी प्रणाली जुनीच्या जागी आली. तिच्यात नौसैनिकाला रिकाम्या जागा पाहता येतात, स्वतःची माहिती लिहिता येते, पसंती नोंदवता येते आणि अर्ज करता येतो. शेवटचा निर्णय अधिकाऱ्याकडेच राहतो. २०१८ मध्ये शंका-तक्रारींसाठी चोवीस तास चालणारे दूरध्वनी केंद्रही सुरू झाले.

हे सारे कागदावर छान. पण मिलिंग्टनच्या कार्यालयात चटकन उघडणारे पान भर समुद्रात उघडेलच असे नाही. जहाजावरचा संपर्क उपग्रहातून येतो, तो शेकडो जणांत वाटला जातो आणि गुप्ततेसाठी कधी बंदही ठेवला जातो. कोरची, कुरखेड्याच्या पलीकडे ज्याने मोबाइल हातात धरून टेकडी चढली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. अर्जाची मुदत निघून गेली तर नौसैनिकाला मिळेल त्या जागी जावे लागते. त्यात बायकोची नोकरी जाते, मुलांची शाळा मोडते. कार्यालयात बसून प्रणाली रचणाऱ्याला ही अडचण स्वप्नातही दिसत नाही. ती फक्त जहाजावरचा माणूस सांगू शकतो. म्हणून अशी प्रणाली सुधारायची तर नौसैनिकाचा अभिप्राय घेण्यावाचून गत्यंतर नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. अभिप्राय म्हणजे मागेल ते देणे नव्हे. सोयीचे बंदर सगळ्यांनाच हवे असते, ते सगळ्यांना मिळणार नाही. "मला अमुक बंदर द्या" ही इच्छा झाली. "अर्ज पाठवला, पण तो पोहोचला की नाही हे कळत नाही" हा अभिप्राय झाला. इच्छा नाकारता येते. अभिप्राय नाकारला तर नुकसान यंत्राच्या मालकाचेच होते.

हुन्नराचे नाव पुसले तेव्हा

न विचारता केलेल्या सुधारणेचे एक उदाहरण कारागीर वाचकांनी जरूर लक्षात ठेवावे. अमेरिकेच्या नौदलात प्रत्येक नौसैनिकाच्या हुद्द्यात त्याच्या हुन्नराचे नाव असते. तारवाचे काम करणारा, इंजिनवाला, वीजकाम करणारा, अशी ती नावे. सप्टेंबर २०१६ मध्ये नौदलाने अशी ९१ नावे एका फर्मानाने रद्द केली. एका हुन्नरातून दुसऱ्यात जाणे सोपे व्हावे, बाहेर नोकरी शोधताना अडचण पडू नये आणि पुरुषवाचक नावे जावीत, असे हेतू होते. हेतू वाईट नव्हते. पण नौसैनिक खवळले. ज्या नावासाठी उमेदवारी केली, परीक्षा दिल्या, ते नाव एका दिवसात गेले. विरोधाच्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. तीन महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर २०१६ रोजी, नौदलाने सगळी नावे परत दिली.

आपल्यातील अत्तार, तांबोळी, मणियार, शिकलगार, पिंजारी, नालबंद, बागवान, मोमीन यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. हुन्नर हेच ज्यांचे आडनाव झाले, त्यांना नावाची किंमत ठाऊक आहे. संगणकाच्या रकान्यात हुन्नराऐवजी आकडा घातला तर यंत्राचे काम सोपे होते, पण माणसाची ओळख जाते. शहाणपण एवढेच की नौदलाने चूक ओढून धरली नाही, ती दुरुस्त केली.

काचेचा पडदा आणि दहा जीव

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' ही अमेरिकी विनाशिका 'अल्निक एमसी' या तेलवाहू जहाजावर आदळली. दहा नौसैनिक मरण पावले. जहाज वळवण्याचे आणि वेग कमीजास्त करण्याचे काम काचेच्या पडद्यावर बोट लावून होत असे. सुकाणूवाल्याचा भार हलका करावा म्हणून वेगाचे काम शेजारच्या माणसाकडे द्यायचे ठरले. देताना सुकाणूचा ताबाही दुसरीकडे गेला. सुकाणूवाल्याला वाटले, सुकाणूच बंद पडले. वेग कमी करायला गेले, तर दोनपैकी एकाच बाजूचा पंखा मंदावला आणि जहाज वळत गेले.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात अपुरे प्रशिक्षण आणि ढिली देखरेख यांच्यावर मुख्य ठपका होता, पण यंत्रणेच्या रचनेतील उणीवही स्पष्ट मांडलेली होती. अपघातानंतर नौसैनिकांना विचारले गेले. त्यांचे म्हणणे साधे होते : वेगासाठी आम्हाला हाताला लागणारे दांडे द्या. २०१९ मध्ये नौदलाने पडद्याऐवजी पुन्हा दांडे बसवण्याचा निर्णय जाहीर केला. नवे तेच चांगले, हा समज किती महाग पडू शकतो ते यावरून कळावे. आणि विचारले कधी? दहा घरांत मातम झाल्यावर.

मुंबईचा १९४६ चा धडा

हे परदेशाचे झाले. नौसैनिकाचे न ऐकण्याचा सर्वांत मोठा धडा तर आपल्या मुंबईतच घडला. त्या वेळी संगणक नव्हता, पण तक्रारीची रीत होती. 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातील जवानांनी कमांडर किंग याच्या शिवीगाळीविरुद्ध फेब्रुवारी १९४६ मध्ये रीतसर तक्रारी दिल्या. त्यांची सुनावणी त्याच कमांडरपुढे झाली, आणि त्याने उलट खोट्या तक्रारीच्या परिणामांची समज दिली! १८ फेब्रुवारीला जवानांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारले. बघता बघता उठाव मुंबई, कराचीसह अनेक बंदरांत पसरला. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते, उपाध्यक्ष मदन सिंग. मागण्यांत देशाच्या स्वातंत्र्याशी निगडित बाबी होत्या, तशाच जेवणाच्या, पगाराच्या आणि सेवामुक्तीच्याही होत्या. २३ फेब्रुवारीला उठाव थांबला, तोवर मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे मेली होती.

या उठावाची कारणे मोठी होती, ती एका तक्रारपेटीने मिटली असती असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती ती सोपवली की रीत असूनही नसल्यासारखी होते, एवढे तरी त्यातून शिकावे.

आपल्या दीनने तर हा मार्ग केव्हाच दाखवला आहे. बद्रच्या वेळी, हिजरी सन २ मध्ये, पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी मुक्कामाची जागा ठरवली होती. हजरत हुबाब बिन मुन्जिर (रजि.) यांनी अदबीने विचारले की ही जागा अल्लाहच्या हुकमाने आहे की युद्धाची योजना म्हणून. योजना आहे असे कळताच त्यांनी पुढच्या विहिरीजवळ जाण्याचा सल्ला दिला, कारण त्यांना तेथील पाण्याची माहिती होती. सल्ला मानला गेला आणि मुक्काम हलला. जमीन ओळखणाऱ्याने बोलावे आणि सरदाराने ऐकावे, याला मशवरा म्हणतात.

आपल्या दुकानात काय करावे?

व्यापाऱ्यांनी जीएसटीच्या वेळी हा अनुभव दुसऱ्या बाजूने घेतला आहे. जुलै २०१७ मध्ये कर लागू झाला. दर महिन्याला तीन-तीन विवरणपत्रे भरता भरता आणि बंद पडणाऱ्या पोर्टलपुढे बसता बसता सगळे मेटाकुटीला आले. ओरड झाली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांपैकी दोन विवरणपत्रे स्थगित झाली. सरकारने आपले ऐकावे असे आपल्याला वाटते. मग आपल्या नोकराचे, कारागिराचे आपण ऐकतो का?

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सुचवतो. पहिली, प्रणाली घेण्यापूर्वी ती ज्याच्या हाताखाली चालणार त्याला दाखवा. विकणाऱ्याशी बोलणी करताना त्याला शेजारी बसवा. दुसरी, सगळे पैसे आधी देऊ नका. शेवटचा हप्ता एक पूर्ण हंगाम उलटल्यावर द्यायचा, असे लिहून घ्या. आमच्या भागात धान निघाल्याशिवाय उधारीचा खरा हिशेब कळत नाही, तर यंत्राची परीक्षा महिनाभरात कशी व्हावी? तिसरी, नोकराला एकट्याला, शांतपणे विचारा. चारचौघांत विचारले तर तो "सब ठीक है" म्हणेल. चौथी, त्याने सांगितलेले लिहून ठेवा आणि काय केले ते त्याला परत सांगा. जमणार नसेल तर का जमणार नाही, तेही सांगा. उत्तर मिळाले नाही की माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही.

वडशात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. हिवाळ्यात गावोगावची मंडळे येऊन नाटक ठरवतात. प्रेक्षक रात्रभर बसतो, आवडले नाही तर तोंडावर सांगतो, आणि कंपनीला ते ऐकावेच लागते. आपल्या गल्ल्यावरचा माणूस तसे तोंडावर बोलत नाही, कारण त्याची रोजी आपल्या हातात असते. म्हणून विचारण्याची जबाबदारी मालकाची.

आता चाचांची गोष्ट. घरी बसवण्याआधी एकदा त्यांची लाल वही उघडून पाहावी, असे आमच्या मनात आले. पाहिले तर एकाच गावच्या एकाच नावाच्या तीन गिऱ्हाइकांपुढे चाचांनी बापाचे नाव आणि टोला लिहिला होता. संगणकात तेवढी जागाच नव्हती. एकाने भरलेले पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडले होते. शिवाय यंत्र तीस दिवसांवरची उधारी थकीत धरून बिल अडवायचे, आणि आमच्या गिऱ्हाइकाचा वायदा असतो धान निघाल्यावरचा. आम्ही विचारले, "चाचा, हे आधी का नाही सांगितले?" ते म्हणाले, "पहिल्याच आठवड्यात सांगितले होते सेठ. तुम्ही म्हणालात, मशीन चुकत नाही."

आम्हाला आठवले. खरेच तसे म्हणालो होतो.

त्या शेतकऱ्याच्या गावी जाऊन आम्ही माफी मागितली, चाचांचीही मागितली. प्रणाली विकणाऱ्याचा मुलगा दोन दिवस चाचांशेजारी बसला, बापाचे नाव, टोला आणि हंगामी वायदा यांचे रकाने वाढवून गेला. लाल वही अजून गल्ल्याखाली आहे. आता ती आमच्या रागाचा विषय राहिलेली नाही. दर जुम्याला नमाजनंतर आम्ही ती चाचांसोबत उघडतो. तिच्यात नवे काही लिहिलेले दिसले, की यंत्रात कोठे उणीव आहे ते कळते.

आपल्या दुकानात, कारखान्यात अशी एखादी दुसरी वही चालू असेल, तर बंधूंनो, ती बंद करण्याचा हुकूम सोडू नका. आधी वाचा. मालकाच्या कानावर न पडलेली तक्रार तिच्यात लिहिलेली असते.