पालवीही फुटते आणि कपही

हातातून कप निसटतो. खळ्ळ! 'कप फुटला.' तेवढ्यात खिडकीशी बसलेली आजी पिंपळाकडे बोट दाखवत म्हणते, 'बघ गं, पालवी फुटली!'

थांबा. क्रियापद एकच. पण एकीकडे होती ती वस्तू गेली आणि दुसरीकडे नव्हती ती आली. तरी आपण एकदाही अडखळलो नाही!

आता जरा मोजून बघा. अंडं फुटतं, धरण फुटतं, गळू फुटतं, पक्ष फुटतो. परीक्षेआधी पेपर फुटतो, तेव्हा कागदाला साधा चरासुद्धा पडलेला नसतो. म्हणजे आपण प्रश्नपत्रिकेला मडकं समजतो आणि आतलं गुपित सांडलं, असं म्हणतो! दुसऱ्या बाजूला घाम फुटतो, रडू फुटतं, गाईला पान्हा फुटतो, पिलाला पंख फुटतात, रस्त्याला फाटा फुटतो. टेबलावरच्या पेनाला तर पायही फुटतात.

मग यातलं मोडणारं कुठलं आणि उगवणारं कुठलं, हे चार वर्षांच्या मुलालाही कसं कळतं?

गंमत आहे एका चिमुकल्या 'ला'मध्ये. 'दगड फुटला' म्हटलं की दगडाचे तुकडे. 'दगडाला पाझर फुटला' म्हटलं की दगड जागच्या जागी शाबूत, आणि त्यातून पाणी! 'मी फुटलो' म्हणजे मी फितूर झालो. 'मला घाम फुटला' म्हणजे मी आहे तसाच आहे, फक्त घाबरलोय. 'ला' लागला की फुटणारी वस्तू जमीन होते आणि तिच्यातून काहीतरी उगवतं. हा नियम आपल्याला कुणी शिकवला? कुणीच नाही. तरी आपण तो बिनचूक पाळतो.

पण मोडण्याला आणि उगवण्याला एकच शब्द का? याचं उत्तर बघायचं असेल तर मक्याच्या लाह्या करायला घ्या. दाण्याच्या पोटात थोडं पाणी असतं आणि बाहेर घट्ट टरफल. दाणा तापतो, पाण्याला वाफ व्हायचं असतं. मोकळ्या हवेत वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते, आणि इथे तर तसूभरही नाही! दाब वाढत जातो. सुमारे १८० अंश सेल्सिअसला टरफल हार मानतं. फट्! आतला मऊ झालेला पिठूळ गर फुगतो आणि क्षणात थिजून पांढरं फूल होतो.

आता सांगा, काय फुटलं? दाणा फुटला. आणि लाही? तीही फुटली! घटना एकच. टरफलाकडे बघाल तर ते मोडणं, गराकडे बघाल तर ते उमलणं. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्यांमागे हेच घडतं, आणि तेलात तडतडणाऱ्या मोहरीच्या पोटातही वाफेचीच गडबड असते. म्हणून तर ती फोडणी! भाजून फुटलेले हरभरे ते फुटाणे. आंब्याची 'ती' फोड आणि भाजलेल्या बोटावरचा 'तो' फोड, दोघंही याच घरातले.

हे घर फार जुनं आहे. संस्कृतातल्या 'स्फुट्' धातूचा अर्थच मुळी दुहेरी: फुटणं आणि उमलणं. त्यातूनच 'स्फोट' आला. आज हा शब्द ऐकला की बॉम्ब आठवतो. पण सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी 'वाक्यपदीय' लिहिणारा भर्तृहरी 'स्फोट' म्हणाला तो भाषेबद्दल! कानावर ध्वनी एकामागून एक येतात आणि विरून जातात. 'पालवी'मधला 'वी' येईपर्यंत 'पा' हवेत उरलेलाही नसतो. मग पालवी कळते कुठे? भर्तृहरीचं म्हणणं असं की ध्वनी क्रमाक्रमाने येतात, पण शब्द मनात उजळतो तो अखंड, एकदम. हाच स्फोट.

एखादं तान्हं बाळ वर्षभर नुसते आवाज काढत असतं. बा-बा, मा-मा, दा-दा. आणि एके दिवशी ते आईकडे बघून म्हणतं, 'आई.' ध्वनीचं टरफल उकलतं आणि आतून अर्थ बाहेर येतो. घरभर आनंद होतो, आणि त्या क्षणासाठी मराठीकडे शब्द तयारच असतो. बाळाला वाचा फुटली!