घरचे औषध व मांजराचे यकृत

रायपूर शहरात बूढा तलाव नावाचा जुना जलाशय आहे. त्याच्या काठची वस्ती म्हणजे बूढापारा. ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर करणाऱ्या माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा याच वस्तीत आहे. छत्तीसगडावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अशा जुन्या वस्तीतील कोणत्याही घराचे फडताळ उघडले, तर हळद, सांधेदुखीचे तेल आणि ताप उतरविणाऱ्या गोळ्यांची पट्टी शेजारीशेजारी सापडावयाची. घरातले मांजर लंगडू लागले की हात प्रथम त्या फडताळाकडे जातो. माणसाला जे सोसते ते मांजराला का सोसू नये, हा विचार स्वाभाविक असला तरी तो मांजराच्या जिवावर बेतू शकतो.

पाळीव प्राण्यांच्या ‘समग्र’ चिकित्सेचा आज बराच बोलबाला आहे. शस्त्रक्रिया व औषधे यांच्या जोडीला आहार, व्यायाम, मर्दन, वनस्पती, सूचिवेध अशा सर्व उपायांचा एकत्र विचार करावा, असे तिचे म्हणणे. कल्पना नवी नाही. अश्वचिकित्सेचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचे नाव परंपरेने घेतले जाते; घोड्याच्या वैद्याला हिंदीत म्हणतात तो ‘सालोतरी’ हा शब्द त्याच नावावरून आला. ‘हस्त्यायुर्वेद’ हा ग्रंथ पालकाप्य मुनींच्या नावावर आहे. परंतु एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. घोड्याचे शास्त्र निराळे व हत्तीचे निराळे, असा भेद या जुन्या परंपरेने केला होता. आजच्या उत्साही पुरस्कर्त्यांना नेमका त्याचाच विसर पडतो.

हा भेद किती खोल असतो, हे मांजराच्या यकृतावरून दिसते. पॅरासिटामॉल हे औषध माणसाच्या व कुत्र्याच्या यकृतात मुख्यतः ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडले जाते आणि निरुपद्रवी होऊन मूत्रावाटे बाहेर पडते. ही जोडणी एका विशिष्ट एंझाइममुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे होते. मांजरात ते तयारच होत नाही. अमेरिकेतील कोर्ट व ग्रीनब्लॅट या संशोधकांनी २००० साली दाखवून दिले की, त्या एंझाइमचे जनुक मांजरात आहे, पण ते निकामी अवस्थेत आहे. मग औषधाला दुसरी वाट घ्यावी लागते. ती अरुंद असल्याने लवकरच तुंबते आणि उरलेल्या औषधाचे विषारी द्रव्य बनते. हे द्रव्य रक्तातील हीमोग्लोबिनवर आघात करते. तसे झालेले हीमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास जड होतो. चार किलो वजनाच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी प्राणघातक ठरू शकते.

‘गोळी नको, वनस्पती बरी’ असे म्हणून सुटका होत नाही. गंधपुऱ्याच्या तेलात मेथिल सॅलिसिलेट असते. ते ॲस्पिरिनच्याच कुळातले. ॲस्पिरिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यावयास कुत्र्यात आठ-नऊ तास लागतात, तर मांजरात सुमारे दीड दिवस. शिवाय मांजर सतत अंग चाटत असते, त्यामुळे पायाला चोळलेले तेल अखेरीस पोटातच जाते. कांदा-लसूण तर आपल्या स्वयंपाकघरातले. परंतु ते कुत्र्याच्या व मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. मांजराला वजनाच्या दर किलोमागे पाच ग्रॅम कांदाही बाधतो. कुत्र्याच्या गोचिडांवरील पर्मेथ्रिन हे औषध शेवंतीच्या जातीच्या फुलांतील कीटकनाशक द्रव्याच्या धर्तीवर बनविलेले आहे. ते कुत्र्याला सोसते, मांजराला मात्र झटके आणते.

म्हणून समग्र चिकित्सा टाकाऊ ठरते असे नव्हे. तिचा सर्वांत भक्कम भाग सर्वांत साधा आहे, तो म्हणजे आहार. अमेरिकेत लॅब्रेडोर जातीच्या ४८ कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एकाच वेतातील पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न दिले गेले. भरपूर खाणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य ११.२ वर्षे, तर बेताने खाणाऱ्यांचे १३ वर्षे भरले. सांधेदुखीवर औषध देण्याची वेळही दुसऱ्या गटात उशिरा आली. लाडाने दिलेली तुपाची पोळी कमी करणे हा उपचार वाटत नाही, आणि तो कोणी बाटलीत भरून विकूही शकत नाही! ठरावीक फेरफटका, मऊ अंथरूण, निसरड्या फरशीवर गोणपाट यांचाही म्हाताऱ्या कुत्र्याला आधार होतो. सूचिवेधाने वेदना शमते काय, याविषयीचा पुरावा अजून तुटपुंजा आहे; होमिओपॅथीच्या बाबतीत भरवशाचा पुरावा नाही.

घरात काही देऊन झालेच असेल, तर ते पशुवैद्यापासून लपवू नये. गोळीची पट्टी किंवा तेलाची बाटली सोबत न्यावी. काय दिले, किती दिले व केव्हा दिले तेही सांगावे. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा आहे. माणसाचा घट्ट कफ पातळ करण्यासाठी वापरतात ते ॲसिटिलसिस्टीनच येथे उपयोगी पडते. मात्र पहिल्या काही तासांत दिले तरच त्याचा पुरता गुण येतो.