प्लेगचा कायदा आणि उंदरावरची पिसू

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला, तेव्हा त्या रोगाचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून जेमतेम दोन वर्षे लोटली होती. परंतु तो जंतू मनुष्यदेहात कोणत्या वाटेने शिरतो, याचे निर्विवाद उत्तर कोणाच्याच हाती नव्हते. सरकारने त्या उत्तरासाठी खोळंबून राहावे, ही अपेक्षाही रास्त ठरली नसती. म्हणून ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा मंजूर झाला. त्यातील दुसऱ्या कलमाने सरकारला हवे ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली, तिसऱ्याने ते मोडणारास शिक्षा ठेवली आणि चौथ्याने सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल अंमलदारावर दावा लावण्याची मनाई केली. नियम तात्पुरते; कायदा मात्र बेमुदत.

या मुभेच्या बळावर पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोऱ्या सोल्जरांनी ज्या झडत्या घेतल्या आणि त्यांचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री कशात झाले, ते महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच, की माजघरा-देवघरापर्यंत शिरलेली ती सारी फौज शोधीत होती रोगी माणूस. रोग वाहणारी पिसू उंदराच्या अंगावर निर्वेध फिरत होती. पिसवेचा हा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत दाखविला, तेव्हा पुष्कळ विद्वानांनी तो हसण्यावारी नेला. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत कसून प्रयोग झाले, तेव्हा कोठे तो सर्वमान्य झाला.

घाईत कायदा केला, हा दोष मी धरीत नाही. कोणत्या वैद्यकीय आधारावर हुकूम सुटला हे प्रसिद्ध करण्याचे आणि तो आधार ढासळल्यास हुकूम मागे घेण्याचे बंधन त्या चार कलमांत कोठेही घातले नाही, हा खरा दोष होय. शास्त्राने दहा-बारा वर्षांत आपले मत पालटले. कायद्याला ते कळण्याची सोयच नव्हती. मार्च २०२० मध्ये करोनासाठी महाराष्ट्र सरकारने दप्तरातून हाच कायदा बाहेर काढला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना जबर शिक्षा ठेवण्यासाठी. साथ कशाला म्हणावे, याची व्याख्या त्या दुरुस्तीतही आली नाही.